सत्तावीसपैकी तेवीस बाण

जगातली प्रत्येक गोष्ट तीन कप्प्यांच्या एका चौकटीत बसते. जी बसत नाही, ती मुळात नीट घडवलेलीच नसते. वरच्या कप्प्यात तिचं नाव, मधल्या कप्प्यात तिच्याजवळ काय काय आहे, आणि खालच्या कप्प्यात ती काय काय करते. संपलं. याउपर जगात काही शिल्लक राहत नाही (राहिलंच तर ते पुरवणीत येतं). अशा चौकटी काढून त्या बाणांनी जोडल्या, की त्याला क्लास डायग्राम म्हणतात. घर बांधण्याआधी जसा नकाशा, तसा संगणकाचा प्रोग्राम लिहिण्याआधी हा. फरक इतकाच, की नकाशा पाहून घर कसं दिसेल ते कळतं आणि डायग्राम पाहून डायग्राम कसा दिसतो ते कळतं.

हे थोर सत्य भाचीला एका मंगळवारी चौथ्या तासाला समजलं. भाची म्हणजे जनावरांच्या डॉक्टरची भाची, इयत्ता नववी. त्या मंगळवारपर्यंत ती आठ वर्षं शेवटून दुसऱ्या बाकावर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेली होती. त्या दिवशी संगणकाच्या बाईंनी तिला फळ्याशी बोलावलं, तिने तीन चौकटी आणि दोन बाण काढले, आणि बाई म्हणाल्या, "उत्तम!" बाईंनी हा शब्द त्याआधी फक्त नव्या फळ्याबद्दल वापरला होता. झालं! बांध फुटला. त्यानंतर भाचीला दिसेल ते चौकटीत घालायची सवय लागली.

घरी तिने पहिली चौकट वडिलांची काढली. मधला कप्पा: चष्मा, मतं. खालचा कप्पा: चष्मा शोधणे, मतं देणे. धाकट्या भावाला वेगळी चौकट न देता फ्रिजच्या चौकटीला बाणाने जोडलं. आईने "माझी चौकट काढलीस तर याद राख" असं कळवल्यामुळे त्या जागी तुटक रेघ आहे.

तर अशी ही भाची शाळा सुटली की मामाच्या दवाखान्यात येऊन बसायची.

मामाचा दवाखाना तीन खोल्यांचा. पहिल्या खोलीत एक लांब बाक, त्याचा डावा पाय पिढ्यान्‌पिढ्यांच्या कुत्र्यांनी कुरतडून उजव्यापेक्षा बारीक केलेला. दुसऱ्या खोलीत तपासायचं पत्र्याचं टेबल, वजनकाटा आणि मामा. तिसऱ्या खोलीत पिंजरे, औषधांची कपाटं आणि एक खिडकी, जी फक्त काकूंनाच उघडता येते. काकू कोणाच्याही सख्ख्या काकू नाहीत. त्या एकोणीस वर्षांपूर्वी आजारी मांजर घेऊन आल्या, मांजर बरं होऊन घरी गेलं, काकू राहिल्या.

मामा जनावरांचा देवमाणूस. हात ठेवला की जनावर निम्मं बरं. पण माणूस समोर आला की मामा गोंधळतो. कोण आलंय, कशाला आलंय, मागच्या वेळी काय दिलं होतं, आपला पेन कुठे आहे, आज वार कोणता, या सर्व प्रश्नांना मामाजवळ एकच उत्तर असतं. ते उत्तर तो मोठ्याने देतो: "काकू!"

भाचीने दवाखान्याची एका दिवसाची शास्त्रशुद्ध पाहणी केली, तिचा निष्कर्ष असा. एकूण आवाज ४१२. पैकी भुंकणे ९६, म्यांव ४०, मालकांचं "तो काही करत नाही हो" ५८, मामाची "काकू!" ही हाक ७१, इतरांची "काकू!" ही हाक १४७. (बेरीज बरोबर जुळते. मात्र एक ससा काहीतरी पुटपुटल्यासारखा वाटला, तो धरलेला नाही.)

आता अशा सुरळीत चाललेल्या दवाखान्याला सॉफ्टवेअर कशाला हवं, असं कोणी विचारेल. त्याचं कारण शेळी.

दवाखान्याची नोंदवही काकू लिहीत. त्यात प्रत्येक जनावराची ओळख असे: "काळी, डावा डोळा बारीक, मालक बडबड्या, सुई मागून द्यावी." एके दिवशी पोटदुखीसाठी आलेल्या शेळीने ही वही पुठ्ठ्यासकट खाल्ली. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, अशी म्हण आहे. इथे वही गेली जिवानिशी आणि शेळी म्हणाली वातड. (पोटदुखी मात्र थांबली.) काकूंनी चहाचा कप बाजूला सरकवला आणि दोन दिवसांत सगळी माहिती तोंडपाठ सांगून पुन्हा कारभार सुरू केला. या घटनेची कुठेही नोंद नाही, कारण नोंद करायला वही नव्हती.

मामा मात्र वही गेली त्या सकाळीच हादरला. "काकू, सगळी माहिती एका ठिकाणी असणं धोक्याचं आहे," तो म्हणाला.

"ती एका ठिकाणी नव्हती डॉक्टर, म्हणून तर वाचली," काकू म्हणाल्या. पण तोवर मामा शेळीच्या पोटावर हात ठेवून उभा होता आणि शेळीखेरीज कोणाचं ऐकत नव्हता.

नेमक्या त्याच दुपारी कासववाले आले. कासववाले हे मोठे प्रोग्रामर. त्यांच्याकडे एक कासव आहे आणि ते त्यांच्यावर गेलंय, असं काकू म्हणतात.

"डॉक्टर, हे हल्ली फार मंद झालंय."

मामाने कासव वळवून पाहिलं. "आधी कसं होतं?"

"आधीही मंदच. पण त्या मंदपणात एक उत्साह होता."

"त्याच्या पेटीवरचा दिवा गेलाय का बघा, गारठलं असेल," काकू मागच्या खोलीतून म्हणाल्या. हे कोणी ऐकलं नाही. मोठ्या प्रोग्रामरच्या कासवाला एवढा साधा आजार असणं बरं दिसलं नसतं.

मामाने शेळीची कर्मकहाणी सांगितली. कासववाल्यांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "मी हौसेखातर तुम्हाला सॉफ्टवेअर करून देतो. पण माझं एक तत्त्व आहे. आधी क्लास डायग्राम. त्याशिवाय मी एक अक्षर लिहीत नाही."

बाकावर बसलेल्या भाचीने हात वर केला. दवाखान्यात हात वर करून बोलायची पद्धत नाही, तिच्या शेजारच्या कुत्र्यालाही ते खटकलं. पण हात खाली आला नाही. काम तिला मिळालं. मुदत आठ दिवस.

*

डायग्राम काढणं हे सोपं काम नव्हे. बसल्या बसल्या कुत्रा काढता येतो, पण कुत्र्याची चौकट काढायची तर चौकशी करावी लागते. भाचीने चौकशी केली.

सगळ्यात वर "प्राणी" ही मूळ चौकट काढली, आणि तिच्याखाली कुत्रा, मांजर, शेळी, कासव, इतर. मूळ चौकटीत जे आहे ते खालच्या सगळ्यांना आपोआप मिळतं, वडिलांचं नाक मिळावं तसं. मूळ चौकटीत नाव, वजन, "चावतो का" आणि मालक, असे चार रकाने. मालक किमान एक, कमाल कितीही. शून्य मालक चालणार नाही. हा रकाना सक्तीचा, असं भाचीने लाल पेनाने लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. ती स्वतःवर फार खूश झाली.

मांजर: खालच्या कप्प्यातली सगळी कामं खाजगी. (मांजर काय करतं ते मांजरालाच माहीत, बाहेरच्याला विचारायचा अधिकार नाही.)

शेळी: खाणे. कंसात काय खाणे ते लिहायचं असतं. भाचीने "कोणतीही गोष्ट" असं लिहिलं.

कुत्रा जरा अवघड गेला. भाचीने अकरा कुत्र्यांच्या अकरा मालकांना विचारलं, आणि अकराही जणांनी सांगितलं, "तो काही करत नाही." एवढा एकमुखी पुरावा मिळाल्यावर शास्त्राला पर्याय नसतो, कुत्र्याचा खालचा कप्पा रिकामा ठेवण्यात आला. त्याच दिवशी साडेपाच वाजता बाराव्या कुत्र्याने भाचीची वही आणि थोडी भाची ओढली, तेव्हा "चावणे (कोणाला)" ही दुरुस्ती झाली.

मालक: घाबरणे, समजूत काढणे (स्वतःची).

मामा: मधल्या कप्प्यात पदवी, पांढरा कोट, हरवलेला पेन. खालच्या कप्प्यात तपासणे, सुई देणे, "काकू!" म्हणणे.

आणि मग काकू.

काकूंची चौकट आधी चार बोटांची काढली होती. दार उघडणे, नाव विचारणे, नाव न विचारता ओळखणे, धरणे, शांत करणे, मालकाला शांत करणे, मामाला शांत करणे, पेन शोधणे, फोन घेणे, फोनवर रडणाऱ्यांना पाणी प्यायला सांगणे, पिंजरे धुणे, कोणत्या कुत्र्याला कोणतं मांजर दिसू द्यायचं नाही हे लक्षात ठेवणे... कागद संपला. भाचीने खाली दुसरा कागद चिकटवला. मग तिसरा. चौथ्या कागदाला डिंक संपला, तेव्हा कुत्र्याच्या जखमेची चिकटपट्टी लावली. अखेर बाण मोजले. सगळ्या डायग्राममध्ये सत्तावीस बाण, त्यांतले तेवीस काकूंना येऊन टोचत होते. चित्र साळिंदरासारखं दिसत होतं.

"बघा काकू, ही तुमची," भाची फुशारून म्हणाली.

काकूंनी चष्मा लावून चारही कागद वरपासून खालपर्यंत वाचले. "एवढी ऐसपैस जागा मला या दवाखान्यात पहिल्यांदाच मिळाली बाई," त्या म्हणाल्या. मग बोट ठेवून म्हणाल्या, "हे एक राहिलं. खिडकी उघडणे."

भाचीने लिहिलं. तिच्या हातून आजवर इतकं खरं काही उतरलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला, पण हे तिला दुसऱ्या दिवशी समजलं.

*

दुसऱ्या दिवशी कासववाल्यांनी डायग्राम टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार औषधाच्या बाटल्या ठेवल्या आणि बराच वेळ हुंकार दिले.

"काम उत्कृष्ट आहे," ते म्हणाले. भाची दोन इंच वाढली. "फक्त या चौकटीत दोष आहे."

त्यांचं बोट काकूंवर होतं.

"आमच्या शास्त्रात पहिलं तत्त्व, एका चौकटीने एकच काम करावं. जी चौकट सगळी कामं करते, तिच्याइतका घातक दोष दुसरा नाही. ही उद्या बंद पडली तर? तेवीस बाण हवेत! ती काढून टाकावी लागेल."

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे एकोणीस वर्षं आपण दोषासकट चालत होतो?"

"नशीब म्हणायचं," कासववाले गंभीरपणे म्हणाले.

दारात काकू उभ्या होत्या, हातात धुतलेला पिंजरा. "म्हणजे मी जायचं का, डॉक्टर?"

"छे छे, तुम्ही नाही!" मामा घाईघाईने म्हणाला. "फक्त तुमची चौकट."

"बरं. मग मी बसू कुठे?"

मामाने सवयीने "का..." एवढंच म्हटलं आणि तोंड मिटलं.

भाचीची पाचावर धारण बसली. तिने तर नुसतं खरं काढलं होतं! तिला वाटलं होतं, एवढी मोठी चौकट पाहून काकूंचा सत्कारबित्कार होईल. तिने पुन्हा हात वर केला, या वेळी दोन्ही. "काढू नका ना! तोडली तर? एका चौकटीच्या नऊ चौकटी करते मी."

कासववाल्यांनी कासवाकडे पाहिलं, कासवाने हरकत घेतली नाही. ठराव झाला. तो मामाने स्वतःच्या हाताने लिहून भिंतीवर लावला (पेन काकूंनी दिला):

"सर्वांस कळविण्यात येते की, 'काकू' ही चौकट दोषयुक्त आढळल्याने तिचे नऊ निर्दोष चौकटींत विभाजन करण्यात येत आहे. सोमवारपासून सहा दिवस चाचणी घेण्यात येईल. चाचणीच्या काळात नऊही चौकटींचे काम माजी काकू पाहतील. चाचणी यशस्वी झाल्यास धरण्याचे काम पट्ट्याकडे, आठवण्याचे सॉफ्टवेअरकडे, बोलावण्याचे घंटीकडे व इतर कामे इतरत्र देण्यात येऊन माजी काकूंना कामातून मोकळे करण्यात येईल. पेन परत केला आहे."

म्हणजे सहा दिवस. चाचणी जितकी चांगली होईल, तितक्या काकू लवकर घरी जाणार. आणि चाचणी चांगली व्हावी म्हणून राबणार होत्या काकूच. आणि हे सगळं भाचीच्या पट्टीने आखलेलं.

चाचणीचे नियम साधे होते. भाचीने बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे नऊ बिल्ले कापले: दार, फोन, नोंद, आठवण, धरणे, शांत करणे, मलमपट्टी, सफाई, खिडकी. काकूंनी एका वेळी एकच बिल्ला लावायचा आणि तेवढंच काम करायचं. एका चौकटीला दुसरीकडून काही हवं असेल, तर तोंडी बोलायचं नाही; चिठ्ठी द्यायची. बाण म्हणजे चिठ्ठी.

"काकू, माझं चुकलं," बिल्ले देताना भाची म्हणाली.

"चुकलं कुठे? मोजलंस ते बरोबरच मोजलंस." काकूंनी सेफ्टी पिन उघडली आणि पहिला बिल्ला टोचून घेतला. "एका वेळी एकच काम! एकोणीस वर्षांत हे मला कोणीच कसं सांगितलं नाही?"

आणि त्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या.

*

सोमवारी सकाळी फोन नऊ वेळा वाजला. दाराचा बिल्ला लावलेल्या काकूंनी दाराकडे पाहिलं. दार वाजत नव्हतं.

"काकू, फोन!" मामा आतून ओरडला.

"काकू नावाची चौकट नाही डॉक्टर," काकू अदबीने म्हणाल्या. "नोटीस तुम्हीच लावलीत."

दुपारपर्यंत दवाखान्यात त्रेसष्ट चिठ्ठ्या फिरल्या. त्यांतल्या एकतीस काकूंनी काकूंना लिहिल्या होत्या. लिहायच्या, बिल्ला बदलायचा, स्वतःच उघडून वाचायच्या आणि "ठीक आहे" म्हणून मान हलवायची. अक्षर सुंदर होतं. त्यांना दिवसभरात दोनदा निवांत चहा मिळाला आणि त्यांच्या तोंडावर असं तेज आलं, की एका मालकाने "काकू, सुट्टीवर आहात का?" असं विचारलं. मामा मात्र निम्मा झाला होता. त्याने एका मांजराला दुसऱ्या मांजराचं औषध देता देता स्वतःला थांबवलं, आणि पेन नसल्यामुळे तपासणीचा निष्कर्ष मनातल्या मनात लिहिला.

कासववाल्यांनी संध्याकाळी फोन करून विचारलं (तो योगायोगाने फोनच्या बिल्ल्याच्या वेळेत आला): "चाचणी कशी चाललीय?"

"नियमाप्रमाणे," काकू म्हणाल्या. खरंच तसंच होतं.

मंगळवारी चार वाजता शिंपी आले. सोबत बारक्या. बारक्या हा वासराएवढा कुत्रा आहे; पिल्लू असताना ठेवलेलं नाव मोठेपणी परत घ्यायची सोय नसते.

"कान खाजवतोय सारखा," शिंपी म्हणाले. "पण तो काही करत नाही हो."

धरण्याचा बिल्ला लावून काकूंनी बारक्याला टेबलावर धरलं, अगदी तत्त्वाप्रमाणे. मामा पुढे झाला. बारक्या घुरघुरला.

"याला गप्प कसं करायचं? मागच्या वेळी तर शांत होता," मामा म्हणाला.

"ते आठवणीच्या चौकटीत आहे डॉक्टर."

"अहो, पण तुम्हालाच ठाऊक आहे ना!"

"मला आहे. धरणारीला नाही." काकूंचा हात बारक्याच्या गळपट्ट्यावर घट्ट होता आणि कपाळावर पहिल्यांदाच घाम होता. "डॉक्टर, चिठ्ठी द्यायचीय तर लवकर द्या. आणि हात लांब ठेवा."

कोपऱ्यात उभ्या भाचीला काकूंच्या चौकटीचा दुसरा कागद डोळ्यांसमोर दिसत होता. त्यावर तिनेच लिहिलं होतं: बारक्या, डाव्या कानाला हात नाही, हनुवटीखाली खाजवत गुणगुणावं. पण तो कागद रद्द झाला होता. तिने तोंड उघडलं, तोवर मामा चिठ्ठी लिहायला वळला, पेन घरंगळला, मामा तो धरायला वाकला, आणि तोल सावरायला त्याने जे हाताला लागलं ते धरलं. बारक्याचा डावा कान.

चावणे (मामा).

संपूर्ण आराखड्यात वेळेवर आणि बिनचूक पार पडलेलं हे एकमेव काम. बारक्याने ते फार मन लावून केलं नाही, कर्तव्य म्हणून केलं, पण मामाच्या मनगटातून रक्त आलं.

"अगं आई गं! काकू! मलमपट्टी!"

काकूंनी बारक्याला सोडून त्याचा पट्टा शिंप्यांच्या हाती दिला, धरण्याचा बिल्ला काढला, मलमपट्टीचा लावला, आणि थांबल्या. "मलमपट्टी (प्राणी)," त्यांनी बिल्ल्याच्या मागचं वाचलं. "कंसात प्राणी लिहिलंय. माणसाची सोय नाही."

"भाची!" मामा किंचाळला.

भाचीने कासववाल्यांना फोन लावला. "डॉक्टर प्राण्याच्या खाली जोडला तर चालेल का?"

"रचनेच्या दृष्टीने अडचण नाही," कासववाले विचारपूर्वक म्हणाले.

भाचीने पेन्सिलने मामाच्या चौकटीपासून प्राण्याच्या चौकटीपर्यंत बाण ओढला, आणि मामा रीतसर प्राणी झाला. आता प्राणी म्हटला की आधी नोंद. काकूंनी बिल्ला बदलला, नवी वही उघडली. मामा एका हाताने दुसरा हात धरून बाकावर, शिंपी आणि बारक्याच्या मधोमध बसला होता. (बारक्या सरकला. त्याला मामा आवडतो.)

"नाव?"

"काकू, चेष्टा करू नका."

"नोंदीला चेष्टा येत नाही. बरं, नाव मी लिहिते. वजन?"

मामाला काट्यावर उभं केलं. वजन लिहिलं.

"कुत्रा, मांजर, शेळी, कासव की इतर?"

"इतर," मामा क्षीण आवाजात म्हणाला.

"चावतो का?"

"तो काही करत नाही हो," शिंपी मध्येच कळवळून म्हणाले.

"मालक?"

मामाने बारक्याकडे पाहिलं.

"मालक सांगा डॉक्टर. रकाना सक्तीचा आहे, लाल पेनाने लिहिलंय. तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही."

मामा खाली बघत राहिला. रक्ताचा एक थेंब फरशीवर पडला. एरवी तो पडायच्या आधी पुसला गेला असता. फोन वाजत होता. मागच्या खोलीतली खिडकी बंद असल्यामुळे सगळीकडे मांजरांचा वास होता. पेन टेबलाखाली पडला होता आणि तो कुठे आहे हे एकाच माणसाला माहीत होतं. कोण आपल्याला जेवायची आठवण करून देतं, कोण आपला कोट धुतं, आपण कुठे जायचं हे कोणाला विचारून जातो, याचा मामाने आयुष्यात पहिल्यांदा हिशेबशीर विचार केला. त्याला फार वेळ लागला नाही. जनावरांच्या बाबतीत त्याचं निदान अचूक असतं.

"लिहा," तो म्हणाला. "मालक... काकू."

काकूंचा पेन थांबला. बारक्यासुद्धा खाजवायचा थांबला.

"तशी चौकट नाही डॉक्टर," काकू हळूच म्हणाल्या. "काढून टाकलीय."

"मग काढा की परत!" मामा ओरडला. "भाची, बघतेस काय? काढ!"

भाचीने दप्तर उलटं केलं. पट्टी सापडली नाही, हातानेच रेघा ओढल्या. चौकट वाकडीतिकडी आली, कागदाच्या बाहेर टेबलावर गेली. पहिला बाण मामाकडून काढला. तो पुरा व्हायच्या आत काकूंनी नऊ बिल्ले डब्यात टाकले होते, एका हाताने मामाचं मनगट धुतलं होतं, खांद्याने फोन कानाशी धरून कोणाला तरी पाणी प्यायला सांगितलं होतं आणि पायाने पेन टेबलाखालून बाहेर ढकलला होता. तोंडाने त्या गुणगुणत होत्या. बारक्या आणि मामा, दोघेही शांत झाले.

(सुईसाठी मामाला नंतर माणसांच्या दवाखान्यात जावं लागलं. तिथे सगळ्या चौकटी निर्दोष असल्याने तो तीन तास बसून होता.)

*

कासववाल्यांनी हा बदल तत्त्वात बसत नसल्याचं लेखी कळवलं. ते पत्र द्यायला ते स्वतः आले, सोबत कासव. मामा समोरच होता. त्याला ओलांडून ते मागच्या खोलीपर्यंत गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "काकू, हे अजून मंदच आहे हो."

"दिवा बदललात?"

त्यांनी दिवा बदलला. कासवात तिसऱ्या दिवशी उत्साह दिसू लागला. भाचीने डायग्राममध्ये कासववाल्यांची चौकट घालून तिथून चोविसावा बाण ओढला. आता एकूण एकोणतीस. (मामाला प्राणी करणारा बाणही राहू दिलाय. रचनेच्या दृष्टीने अडचण नाही.)

सॉफ्टवेअर आठ महिन्यांनी तयार झालं. त्याच्या पडद्यावर एकच मोठं बटण आहे: "काकूंना विचारा." ते दाबलं की काकूंच्या टेबलावर घंटी वाजते. आजवर अकराशेचार वेळा दाबलं गेलं, एकदाही बिघडलेलं नाही. कासववाले ते आपलं सर्वोत्तम काम मानतात.

डायग्राम दवाखान्याच्या भिंतीवर लावलेला आहे, शेळीच्या तोंडाला पोचणार नाही इतक्या उंचीवर. त्याच्या खालच्या कोपऱ्यात भाचीने पेन्सिलने आणखी एक चौकट काढून ठेवलीय. नाव: वाचक. मधला कप्पा: फावला वेळ. खालचा कप्पा: हसणे. एक चौकट, एक काम; तत्त्वाने पाहिलं तर सगळ्या आराखड्यात निर्दोष अशी ही एकटीच. तिच्याकडे एकही बाण येत नाही, त्यामुळे ती उद्या पुसली गेली तरी कुठे काही अडायचं नाही.

फक्त तुमची नोंद अर्धवट राहिलीय. वजन मागाहून घेता येईल. चावता का, ते तुम्ही नाहीच म्हणणार. पण मालक? दिवसभरात सगळ्यात जास्त हाका कोणाला मारता, ते आठवून सांगितलंत तरी चालेल. सावकाश आठवा. वही उघडीच आहे, काकू थांबल्यात, आणि रकाना सक्तीचा आहे.